हाड जुळलं, पाळीचं काय?



मला संगणकावर बोला म्हणून सांगितलं होतं. पण आपल्या वर्गातले कितीतरी जण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आहेत, चार-पाच जण स्वतःची युनिटं चालवतात. म्हणून संयोजकांना विचारून विषय बदललाय. कामावर जखमी झालेला माणूस पुन्हा कामावर कसा येतो, त्याबद्दल बोलते.

माझा दादा आपल्याच शाळेचा, आपल्यापुढे दोन वर्षं. फौंड्रीत फेटलिंगला होता. कास्टिंग घसरून नडगी मोडली. ऑपरेशन, प्लेट, चार महिने घरी. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, ‘फिट’चा दाखला मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी पूर्ण पाळी. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, आठव्या दिवशी कंबर धरली. लोक म्हणाले, बसून खायची सवय लागली. खरं तर चार महिन्यांत मांडी बारीक झाली होती, दम कमी झाला होता आणि त्या पायावर भार द्यायची भीती बसली होती. दाखला हाडाचा होता, आठ तास उभं राहण्याचा नव्हता.

पुढे एक फिजिओथेरपिस्ट मॅडम भेटल्या. त्यांनी पायाच्या आधी कामाची चौकशी केली. किती किलो उचलता? जमिनीवरून की टेबलावरून? पाळीत किती वेळा? वळून ठेवता की सरळ? दादाला एकाही प्रश्नाचं नेमकं उत्तर येईना, वीस वर्षं तेच काम करून! मग तो कारखान्यात जाऊन मोजून आला.

आधी चालणं, जिना, मांडीचे व्यायाम. ताकद आणि दम परत आल्यावर कामाचीच नक्कल: रिकामा क्रेट उचलून ठेवायचा, मग त्यात थोडं थोडं वजन, मग तेच वळून. अर्ध्या तासापासून सुरुवात, पुढे दोन तास, चार तास. दुखलं की थांबायचं असं नव्हतं. ठरलेलं काम पुरं करायचं आणि दुसऱ्या दिवशी सूज किती, ते पाहून पुढचा आकडा ठरवायचा. याला ‘वर्क कंडिशनिंग’ आणि पुढच्या टप्प्याला ‘वर्क हार्डनिंग’ म्हणतात. अमेरिकेत १९८०च्या दशकात याला शिस्तशीर रूप आलं. आम्ही बंद पडलेला सर्व्हर सुरू करतो तेव्हासुद्धा सगळा लोड एकदम टाकत नाही, माणसावर मात्र टाकतो.

यात पैशाचीही अडचण आहे. कामावरच्या दुखापतीत ई.एस.आय.कडून पगाराच्या सुमारे ९० टक्के रोख लाभ मिळतो, पण ‘फिट’ झाल्यावर तो थांबतो. मधला, अर्ध्या ताकदीचा काळ कुणाच्याच हिशेबात नाही. घर चालवणारा माणूस मग घाईनं ‘फिट’ लिहून घेतो आणि पुन्हा दुखापत करून घेतो, नाहीतर नोकरी सोडतो. दादानं दुसऱ्या वेळी सहा आठवडे घेतले. आता तो फेटलिंगलाच आहे, फक्त जड कास्टिंगला होइस्ट वापरतो.

युनिट चालवणाऱ्यांना एक विनंती. तुमचा माणूस ‘फिट’ होऊन आला, तर पहिल्या तीन आठवड्यांचं काम कागदावर लिहून द्या: किती किलो, किती तास, कुठल्या उंचीवरून. आणि त्या तीन आठवड्यांत पगार पूर्ण द्या.