होडी मोडली, हात कुठे गेले?

(कामगार अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकांवर थोडे हसू झाले, ते आम्ही ऐकले. महागाई भत्ता, रिक्त जागा, ठेकेदारी हे सगळे सोडून सेक्रेटरी पूर्व भूमध्य समुद्रातल्या लाकडी होड्यांवर काय बोलणार? तो समुद्र आपण नकाशातच पाहिलेला. पण मागच्या बैठकीत एका तरुण साथीने विचारले होते, "जुनी यंत्रे मोडीत निघायचीच. त्यात युनियनने पडायचे कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर शोधताना आम्ही ग्रीसच्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचलो.

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये एजियन समुद्र आहे. त्यात शेकडो लहानमोठी बेटे आहेत. या बेटांवरच्या माणसाचे पोट होडीवर चालत आले. मासे, स्पंज, धान्य, तेल, लग्नाचे वऱ्हाड, सगळे होडीतूनच. तिथल्या एका होडीचे नाव 'त्रेहांतिरी'. पुढून व मागून दोन्हीकडे निमुळती, मधे पोटाला भरलेली. लांबी साधारण रुंदीच्या तिप्पट. नावाचा संबंध 'धावणे' या शब्दाशी जोडतात. आधी शीड होते, विसाव्या शतकात इंजिन बसले, पण अंगलट तीच राहिली.

ही होडी बांधणारा सुतार कागदावर नकाशा काढत नसे. त्याच्याकडे लाकडी फर्मे असत आणि त्यांवर खुणा कोरलेल्या असत. एकच फर्मा खुणेप्रमाणे सरकवत जायचे आणि होडीच्या मधल्या बहुतेक फासळ्यांचा आकार उतरवायचा. टोकाकडच्या फासळ्या मात्र नजरेने. आधी तळाचा कणा, मग फासळ्या, मग त्यांवर फळ्या, आणि शेवटी फटींत कापूस ठोकून सांधे बंद करायचे. सामोस बेटावरच्या पाईनच्या लाकडाला मोठा मान होता, कारण त्यात राळ भरपूर असते. कुठले वाकडे झाड कुठल्या फासळीला जाईल, हे सुतार जंगलात उभ्या झाडाकडे पाहून सांगे. ही विद्या पोराने दहा-दहा वर्षे उस्तादाच्या हाताखाली वाकस चालवून मिळवायची. आपल्या वर्कशॉपमधल्या जुन्या फिटरांनी ती कशी मिळवली, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

आता काय घडले ते ऐका. ग्रीस १९८१ साली युरोपियन कम्युनिटीत, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनमध्ये, सामील झाला. १९८३ साली सर्व सभासद देशांचे मासेमारीचे एक सामाईक धोरण ठरले. समुद्रातले मासे कमी होत होते, म्हणून मासेमारीच्या नौका कमी करायच्या. हेतू वाईट नव्हता. मासाच उरला नाही तर मच्छीमार तरी काय खाईल? पण मोजमाप कसले ठेवले? टन आणि इंजिनाची ताकद. मालकाने परवाना कायमचा परत करावा, होडी मोडावी आणि अनुदान घ्यावे, अशी योजना आली. होडी पुन्हा मासेमारीला जाऊ नये, म्हणून ती मोडल्याचा पुरावा हवा. मग काय, किनाऱ्यावर यंत्र आणायचे आणि लोखंडी पंजाने होडीची छाती फोडायची. १९९० च्या दशकापासून अशा दहा हजारांहून अधिक होड्या मोडल्या गेल्या. त्यांत कितीतरी त्रेहांतिरी होत्या. जतन करण्यासाठी सवलतीची वाट पुढे निघाली, पण तिने फार थोड्या वाचल्या.

साथींनो, पैसे घेणाऱ्या म्हाताऱ्या मच्छीमाराला आम्ही दोष देणार नाही. त्याची पोरे शहरात गेलेली, होडीला दर वर्षी डागडुजी आणि रंग हवा, अंगात जोर नाही. हातात रक्कम येत असेल तर तो सही करणारच. आपल्याकडे स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सह्या कशा होतात, ते आपण पाहिले आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. होडीच्या मालकाला भरपाई मिळाली. पण होडी बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या सुताराचे काय? दहा हजार होड्या गेल्या म्हणजे दर वर्षीची दहा हजार होड्यांची डागडुजी गेली. त्याचा रोजगार गेला, मग हाताखालचा पोरगा गेला, मग विद्या गेली. योजनेच्या कागदात त्याचा रकानाच नव्हता. ज्या देशाने ही कला आपल्या वारसा-यादीत नोंदवली, त्याच देशाच्या किनाऱ्यावर तिची पोटपाण्याची सोय मोडली गेली.

कोणी म्हणेल, दोन-चार होड्या संग्रहालयात ठेवा, झाले. त्यावर आम्ही एक गोष्ट सांगतो. सायप्रस बेटाच्या किरेनिया गावाजवळ १९६५ साली एका पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी बुडालेले जहाज दिसले. ते सुमारे २३०० वर्षांपूर्वीचे निघाले. लांबी सुमारे १४ मीटर. आत सुमारे ४०० मातीचे रांजण आणि हजारो बदाम होते. चार पेले आणि चार लाकडी चमचे सापडले, म्हणजे चार खलाशी असावेत. जहाज अनेकदा दुरुस्त केलेले, फळ्यांना ठिगळे लावलेली. मालकाने पिळून काम घेतलेले ते जहाज पाहून आम्हांला आपले जुने डबेच आठवले. पुढे १९८५ साली त्याची हुबेहूब नौका पाण्यात उतरली. ती कुठे बांधली? अथेन्सच्या पिरेअस बंदराशेजारी पेरामा येथे. संशोधकांनी मापे दिली, पण लाकूड वाकवले आणि जोडले ते तिथल्या कारागिराने. जुनी पद्धत उलटी होती, आधी फळ्यांचे कवच आणि मग फासळ्या, तरी त्याच्या हाताने ती उचलली. हात जिवंत होते म्हणून २३०० वर्षांपूर्वीचे जहाज पुन्हा तरंगले. उद्या ते हात नसतील, तर संग्रहालयातली होडी कुजेल तेव्हा तिची एक फळीसुद्धा बदलणारा मिळणार नाही.

आता समुद्र ओलांडून तुर्कस्तानच्या बोद्रुम गावी चला. तिथे याच होडीला 'तिरहांदिल' म्हणतात. शब्द तोच, होडीची घडण तीच. सांधे भरण्याच्या कामाला ग्रीक, तुर्की आणि अरबी भाषांत जवळजवळ एकच शब्द आहे. १९२३ साली दोन्ही सरकारांनी करार करून लाखो माणसांची अदलाबदल केली. धर्म पाहून घरे सोडायला लावली. क्रीट बेटावरचे मुसलमान बोद्रुमला आले, इकडचे ख्रिस्ती तिकडे गेले. देश भांडले, पण दोन्ही किनाऱ्यांवरच्या सुतारांची वाकस एकाच रीतीने चालत राहिली. बोद्रुममध्ये लाकडी नौका आजही बांधतात. प्रवाशांना फिरवणाऱ्या 'गुलेत' नावाच्या मोठ्या नौकांमुळे तिथल्या कारागिराला काम मिळाले. काम राहिले म्हणून कला राहिली. नुसत्या कौतुकाने कला टिकत नाही, हजेरीपटावर नाव लागले तर टिकते.

आता आपल्या घरात या. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९५ साली थांबली. ती थांबू नयेत असे आम्ही म्हणत नाही. भट्टीपुढे फावडे मारणाऱ्या फायरमनचे हाल आम्ही पाहिले आहेत. पण दार्जिलिंगच्या डोंगरी गाडीला १९९९ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथली वाफेची इंजिने चालू ठेवायची तर बॉयलरचे काम जाणणारा माणूस हवा. तो बाजारात विकत मिळत नाही. आरएमएसच्या डब्यात हलत्या दिव्याखाली शेकडो गावांची टपाल वाट तोंडपाठ असलेला सॉर्टर, तारेच्या कडकट्टातून मजकूर उचलणारा तारबाबू, यांच्या विद्येची नोंद कुठल्या फायलीत आहे?

म्हणून त्या तरुण साथीला आमचे उत्तर असे. यंत्र बदलू नका, असे युनियनने म्हणू नये. पण मोडीत काढण्याचा कागद टेबलावर येईल तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. या यंत्रावर कोणाकोणाचे पोट आहे, मालकापलीकडे मोजले का? जाणत्या कामगाराच्या हाताखाली निवृत्तीपूर्वी पगारी शिकाऊ दिला का? आणि जे जपायचे म्हणता, ते चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस मंजूर जागेवर ठेवला का?

ग्रीसच्या सुताराच्या वतीने हे प्रश्न वेळेवर कोणी विचारले असते, तर मासेही वाचले असते आणि हातही वाचले असते. आपल्या खात्यात ते विचारण्याचे काम आपले आहे. येत्या शाखा बैठकीत प्रत्येकाने आपल्या डेपोतल्या, ऑफिसातल्या एका जाणत्या कामगाराचे नाव आणि त्याचे काम लिहून आणावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!