जीवनसत्त्व ‘ड’ आणि आनुवंशिकता
(भाषणाचा मजकूर)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई होती. तरीही लहान मुलांची आबाळ होऊ नये म्हणून तेथील शासनाने अर्भकांसाठी दुधाची भुकटी आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल अल्प किमतीत पुरविण्याची योजना आखली. भुकटीत जीवनसत्त्व ‘ड’ मिसळलेले असे. त्याला कारणही तसेच होते. मुडदूस या रोगाने इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतील मुलांची हाडे पिढ्यानपिढ्या वाकविली होती. एडवर्ड मेलॅन्बी यांनी १९१९ मध्ये कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून हा रोग आहारातील उणिवेशी निगडित असल्याचे दाखविले होते. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी कॉडच्या तेलातील गुणकारी द्रव्य वेगळे ओळखून त्याला ‘ड’ हे अक्षर दिले होते. ब्रिटनची योजना फळाला आली. मुडदूस ओसरला.

युद्धानंतर मात्र डॉक्टरांपुढे एक निराळेच दुखणे येऊ लागले. चांगली वाढणारी बालके एकाएकी दूध घेईनाशी होत, ओकत, वजन वाढत नसे, मलावरोध होई, तहान व लघवी वाढे. रक्त तपासले तर त्यात कॅल्शियमचे प्रमाण भलतेच चढलेले आढळे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ रेजिनाल्ड लाइटवुड यांनी १९५२ मध्ये या विकाराकडे लक्ष वेधले. काही बालके दगावली. दुधाची भुकटी, लहान मुलांचे धान्याचे खाद्य आणि तेल या तिन्हींत जीवनसत्त्व ‘ड’ असल्यामुळे एखाद्या बालकाच्या पोटात ते दिवसाकाठी ४,००० आंतरराष्ट्रीय एककांपर्यंतही जात असावे, असा हिशेब निघाला. आज अर्भकांसाठी ४०० एकके पुरेशी मानली जातात. १९५७ मध्ये शासनाने मिश्रणाचे प्रमाण घटविले आणि रुग्णांची संख्या उतरली.

प्रश्न तेथे संपला असे पुष्कळांना वाटले, पण तो संपलेला नव्हता. तेच दूध, तेच तेल असंख्य घरांतील मुलांनी घेतले होते आणि त्यांतील बहुसंख्य मुले धडधाकट राहिली होती. मग बाधा या थोड्यांनाच का व्हावी? एका चुलीवर शिजलेले अन्न एकाला मानवते आणि दुसऱ्याला बाधते हा अनुभव घरोघरी येतो. परंतु त्यामागील कारण नेमके दाखविता येणे ही वेगळी गोष्ट होय.

ते कारण समजण्यासाठी जीवनसत्त्व ‘ड’ चा शरीरातील प्रवास पाहिला पाहिजे. त्वचेतील एका स्निग्ध द्रव्यावर सूर्याचे अतिनील किरण पडले म्हणजे हे जीवनसत्त्व तयार होते. गोळीतून किंवा दुधातूनही ते मिळते. पण रेल्वे स्थानकात उतरलेले धान्य म्हणजे घरातली भाकरी नव्हे. रक्तातील एक वाहक प्रथिन त्याला धरून ठेवते. यकृतातील विकर त्यात पहिला रासायनिक बदल घडविते. रक्ततपासणीत मोजतात ते हेच बदललेले रूप. मूत्रपिंडात दुसरा बदल होतो आणि तेव्हा कुठे त्याला संप्रेरकाचे सामर्थ्य येते. आतड्याच्या पेशींमधील ग्राही नावाच्या प्रथिनाशी त्याची गाठ पडली की अन्नातील कॅल्शियम शोषले जाऊ लागते. याखेरीज आणखी एक विकर असते. कार्यभाग उरकल्यावर जीवनसत्त्वाची ही सक्रिय रूपे निकामी करून त्यांची विल्हेवाट लावणे हे त्याचे काम. वाहक, ग्राही आणि ही सर्व विकरे बनविण्याचा आराखडा जनुकांत असतो. आराखड्यात फरक पडला की त्या टप्प्यावरील काम मंदावते, वाढते किंवा बंद पडते.

ब्रिटनमधील कोड्याची उकल शेवटच्या विकरापाशी झाली. २०११ मध्ये जर्मनीतील डॉक्टर कार्ल पीटर श्लिंगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, या विकाराने ग्रस्त बालकांमध्ये विल्हेवाट लावणाऱ्या विकराचे जनुक, ज्याला ‘सीवायपी २४ ए १’ म्हणतात, सदोष असते. पाणी भरण्याचा नळ चालू आणि निचऱ्याची मोरी तुंबलेली, अशी या मुलांची अवस्था. त्यांपैकी काहींना एकदम मोठी मात्रा दिली गेली होती. पण काहींना तर मुडदूस टाळण्यासाठी सर्वच बालकांना देतात ती रोजची साधी मात्राच मिळाली होती. १९५० नंतरच्या दशकातील प्रत्येक रुग्णाचे कारण हेच होते असे मात्र म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये मूत्रपिंडातील स्फुरदाच्या वहनाशी संबंधित अशा दुसऱ्या एका जनुकाचा दोषही काही बालकांत सापडला. आणि म्हणून मात्रा घटविण्याचा १९५७ चा निर्णय चुकला असेही होत नाही. जनुकाचा थांगपत्ता नसताना घेतलेला तो निर्णय अनेक मुलांना वाचवून गेला.

याच्या उलट बाजूची उदाहरणेही आहेत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सॅग्ने नावाचा प्रदेश आहे. फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या मोजक्या कुटुंबांपासून तेथील वस्ती वाढली. तेथे पंचवीस-तीस माणसांमागे एकाकडे मूत्रपिंडातील विकराच्या जनुकाची एक सदोष प्रत असते. एका प्रतीने काही बिघडत नाही. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष प्रत आली तर मुलाला मुडदूस होतो आणि जीवनसत्त्वाची नेहमीची मात्रा कितीही दिवस दिली तरी तो हटत नाही. पूर्वी अशा मुलांना प्रचंड मात्रा द्याव्या लागत. पुढे तयार स्वरूपातील संप्रेरक, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, औषध म्हणून मिळू लागले आणि त्याच्या अत्यल्प रोजच्या मात्रेने हाडे सुधारू लागली. ग्राहीचाच दोष असलेली मुले फारच क्वचित आढळतात. त्यांतील अनेकांच्या डोक्यावर केसही नसतात.

हे झाले दुर्मिळ विकार. सर्वसामान्य माणसांतही वाहक प्रथिनाच्या व यकृतातील विकराच्या जनुकांत किरकोळ फरक असतात. २०१० मध्ये युरोपीय वंशाच्या सुमारे ३०,००० लोकांच्या अभ्यासात त्यांचा रक्तातील पातळीशी संबंध स्पष्ट झाला. २०२० मध्ये ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असा संबंध असलेली १४३ जनुकस्थाने नोंदविली गेली. दोघांना सारखीच गोळी सारखेच महिने दिली तरी एकाची पातळी भराभर चढते आणि दुसऱ्याची रेंगाळते, त्याचे काही श्रेय या फरकांना आहे. काहीच म्हणावयाचे, कारण शरीराचे वजन, मूळची पातळी, ऊन आणि आहार यांचा वाटाही मोठा असतो. शिवाय रक्तातील आकडा कमी म्हणजे हाडे दुबळीच, असे समीकरण मांडता येत नाही. जनुकांच्या तपासणीवरून प्रत्येकाची मात्रा ठरवून देण्याच्या जाहिराती हल्ली दिसतात. त्यांना आज तरी भक्कम आधार नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यातील दोन बाबी विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत. आपल्याकडे ६०,००० एककांची पुडी किंवा गोळी प्रचलित आहे. ती बहुधा आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवडेच घ्यावयाची असते. परंतु चिठ्ठी जुनी झाली तरी औषध चालूच राहते, कधी तर ती रोज घेतली जाते, आणि घरात उरलेली पुडी अशक्त नातवाच्या दुधातही पडते. २०१८ च्या नियमांनुसार दूध आणि खाद्यतेल यांत ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वे मिसळता येतात. ते प्रमाण अल्प आणि हितकारक आहे. खरा धोका आहे तो पुडीत. दुसरी बाब विवाहसंबंधांची. राज्याच्या काही भागांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. दोन्ही सदोष प्रती एकाच मुलाकडे येण्याचा संभव अशा घरांत वाढतो. तेथे औषधाला न जुमानणारा मुडदूस एकाहून अधिक भावंडांत दिसला, तर आईच्या हयगयीला दोष देण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली पाहिजे. पायांत बाक असलेले मूल शाळेत शिक्षकांच्याच दृष्टीस आधी पडते.

जीवनसत्त्वाचे थेंब सुरू झाल्यावर ज्या बालकाची भूक मरते, जे वारंवार ओकते, ज्याला एकसारखी तहान लागते, किंवा ज्याच्या कुटुंबात कमी वयात मूतखडे झाले आहेत, त्याच्या बाबतीत ही सर्व हकीकत डॉक्टरांना सांगावी. तेथे पहिली तपासणी जनुकांची नसते, रक्तातील कॅल्शियमची असते, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. कॅल्शियम वाढलेले आढळले तर डॉक्टर थेंब थांबवितात आणि शरीरात पाण्याचा अंश पुरेसा राहील असे पाहतात.