संगीतसभेचे दार

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आज मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयही नेमून दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. येत्या कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दरमहा एक, अशा पाच संगीतसभा ज्ञातीच्या वतीने भरवाव्यात, असा ठराव आपणांपुढे येणार आहे. सभा भरवू नयेत असे म्हणणारा येथे कोणी नाही. मतभेद आहे तो दोन गोष्टींविषयी. गाण्यास कोणास बोलवावे, ही पहिली. आणि ऐकण्यास कोणास बसू द्यावे, ही दुसरी. वर्गणी आपल्या घराघरांतून गोळा होते, तेव्हा कलावंतही ज्ञातीतील असावेत व श्रोतेही ज्ञातीतीलच असावेत, असे काही बंधूंचे मत आहे. त्या मताचा मी अनादर करीत नाही. दोन तालुक्यांत विखुरलेली आपली घरे हातांच्या बोटांवर मोजावीत इतकी थोडी. आपल्या मुलांना व्यासपीठ मिळावे ही त्यामागील कळकळ खरी आहे. परंतु माझे मत निराळे आहे, आणि ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम एका दुसऱ्या लहान समाजाचे उदाहरण देतो. मुंबईतील पारशी समाज संख्येने मूठभर. त्या समाजातील काही जाणत्या मंडळींनी, कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने, १८७० साली ‘गायन उत्तेजक मंडळी’ स्थापन केली. आपल्या लोकांत गायनाची आवड वाढावी, घरंदाज माणसांनी ही विद्या उजळ माथ्याने शिकावी, हा त्यांचा हेतू होता. संस्था पारशांची, पैसा पारशांचा; परंतु गाणे शिकविण्यास कोण? जे जाणत होते ते. त्यांत मुसलमान उस्ताद होते, हिंदू गवई होते. पुढे १८८४ च्या सुमारास या मंडळीत एक मराठी तरुण सभासद म्हणून दाखल झाला. त्याचे नाव विष्णु नारायण भातखंडे. तेथे त्यांनी गुणीजनांचे गाणे ऐकले, विद्या घेतली, आणि पुढे हिंदुस्थानी संगीताचे शास्त्र लिहून काढण्याचा जो प्रचंड उद्योग त्यांनी आरंभिला, त्याचा पाया तेथे घातला गेला. मंडळीने आपले दार केवळ पारशांपुरते ठेविले असते, तर पारशांचे काही बिघडले नसते कदाचित. परंतु देशाचे मोठे नुकसान झाले असते. लहान समाजाचे मोठेपण त्याने काय राखून ठेविले यावरून ठरत नाही, काय वाटले यावरून ठरते.

आता गाणाऱ्यांच्या ज्ञातीचा विचार करू. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे आपले सवाई गंधर्व, कर्नाटकातील ब्राह्मण. सवाई गंधर्वांचे शिष्य कोण? भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोझ दस्तूर. मुसलमान गुरूची विद्या ब्राह्मण शिष्याने घेतली आणि ती एका ब्राह्मणास, एका गायिका-घराण्यातील कन्येस व एका पारशास दिली. या परंपरेतून एक जात वगळून पाहा; साखळी तेथेच तुटते. सवाई गंधर्व १९५२ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यास जो उत्सव भरू लागला, त्यात गायक-वादकांची ज्ञाती कोणी विचारली नाही. म्हणूनच तो वाढला.

गंगूबाईंची एक हकीगत येथे सांगितली पाहिजे. १९२४ साली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्माजी अध्यक्ष होते. तेथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची गंगू होती. गाणे उत्तम झाले. परंतु त्या मुलीच्या मनात गाण्याची धास्ती नव्हती. आपल्या जातीमुळे जेवणाच्या वेळी आपणांस वेगळे तर बसविणार नाहीत ना, उष्टी काढावयास तर लावणार नाहीत ना, ही धास्ती होती. हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. जिच्या कंठाचे स्वागत होते, तिच्या पानाची चिंता तिलाच करावी लागावी, हे लाजिरवाणे आहे.

बंधुभगिनींनो, दूरच्या बेळगावास नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या ओटीवर काय घडत असे? मी लहान असताना आमच्या घरी लग्न निघाले की पहाटे सनई वाजू लागे. ती ऐकूनच आम्ही पोरे जागी होत असू. सनईवाले मांडवाच्या बाहेर, अंगणाच्या कडेला बसत. पंक्ती उठल्या की त्यांचे जेवण तेथेच पत्रावळीवर जाई. बिदागी वरून हातावर टाकली जाई. मी एकदा आजोबांना विचारले, “हे आत का बसत नाहीत?” आजोबा म्हणाले, “त्यांना तेथेच बरे वाटते.” त्या वेळी मला उत्तर पटले. आज वाटते, त्या सनईवाल्यास कोणी विचारले होते काय? सनई आम्हांस हवी होती. सनईवाला नको होता. आजोबा प्रेमळ होते, दानशूर होते. परंतु ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. ती आपल्या ध्यानात आल्यावर न आल्यासारखे करता येणार नाही.

आणि आपण बोलतो आहोत ते कोठे, याचे भान ठेवावे. हे महाड आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. १९२४ साली येथील नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. घाटावर मात्र झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधी बांधवांसह त्या तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा गावातील पुष्कळांना ते सहन झाले नाही. कोर्टाचा अखेरचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. त्या वेळी सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखे स्पृश्य समाजातील गृहस्थ सत्याग्रहींच्या बाजूने उभे राहिले, हे गावाला भूषण आहे. परंतु ते थोडे होते, हेही खरे आहे. ज्या गावात पाण्यावरून हे घडले, त्या गावात सुरांवरून पुन्हा घडू नये. दारावर ‘सर्वांस खुले’ अशी पाटी लावून आत पुढच्या रांगा आपल्यांसाठी अडवून ठेवणे, हा तोच जुना ठराव कागदावर ठेवणे होय.

आता गाण्यास कोण यावे? मी म्हणतो, प्रथम आपल्या दोन तालुक्यांत पाहावे. पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी शिवचरित्र संस्कृतात गायिले. त्याच तालुक्यात उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचे गाव; तानाजींचा पोवाडा तुळशीदास शाहिराने मराठीत गायिला. घाट चढून गेले की प्रतापगड. तेथील १६५९ च्या प्रसंगावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी. हे पोवाडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राखिले कोणी? डफवाल्या शाहिरांनी आणि गोंधळ्यांनी. अ‍ॅक्‌वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापिला, तोही अशाच मुखांतून ऐकून. पंडितांची पोथी आणि गोंधळ्याचे संबळ, दोहोंनी मिळून आपला इतिहास सांभाळला आहे.

म्हणून पाच सभांची माझी योजना अशी आहे. पहिली सभा ख्यालगायनाची असावी. कलावंत बाहेरचा, पण तयारीचा. दुसरी शाहिरी व गोंधळाची. तिसरी आंबेडकरी जलशाची; वामनदादा कर्डकांची गीते ज्यांच्या ओठी आहेत असे गायक आपल्याच तालुक्यांत वाड्यावाड्यांतून आहेत, आणि आपल्यांपैकी कितीजणांनी ती समोर बसून ऐकली आहेत? चौथी नाट्यगीतांची व भजनाची. पाचवी फाल्गुनात, शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात तेव्हा, जाखडीची. शक्तिवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे करावेत व त्यांचे सवालजबाब रात्रभर चालू द्यावेत. पावसाळ्यात सभा ठेवू नयेत, हे सांगणे नको. हवेच्या दमटपणाने तबल्याची पुडी उतरते, तंबोरा लागत नाही, आणि सावित्रीचे पाणी केव्हा बाजारपेठेत येईल याचा नेम नसतो.

आपल्या मुलांचे काय, हा प्रश्न उरतो. त्यास माझे उत्तर असे : प्रत्येक सभेच्या आरंभी अर्धा तास नवोदितांस द्यावा. त्यात आपली मुले गातील, शेजारची गातील. परंतु केवळ ज्ञातीचे म्हणून कोणास मुख्य बैठकीवर बसवू नये. कच्चे गाणे घरच्यांनी वाखाणिले की मुलाची वाढ खुंटते. त्याच बैठकीत पुढे पक्के गाणे ऐकावयास मिळाले, तर आपल्यात काय उणे आहे हे त्याचे त्यालाच कळेल.

दोन नियम मात्र कसोशीने पाळावेत. पहिला, बिदागीची रक्कम कलेच्या तयारीप्रमाणे कमीअधिक असेल, पण ती पाकिटात घालून, अध्यक्षांच्या हस्ते, व्यासपीठावर, श्रीफळासह द्यावी. ख्यालगायकास जशी, तशीच खालूबाज्यातील सनईवाल्यास. दुसरा, सभेनंतर कलावंत आणि यजमान एकाच पंक्तीस बसावेत. कोणी या पंक्तीस येणार नसेल, तर त्याने सभेसही न येणे बरे.

खर्च आपला आणि सुख सर्वांचे, हा कोठला न्याय, असे कोणी विचारील. महाशिवरात्रीच्या उत्सवात वीरेश्वराचा छबिना निघतो. गावोगावच्या देवींच्या पालख्या येतात, सनया व ढोल येतात. ते वाजविणाऱ्यांनी तुमच्या ज्ञातीची चौकशी करून वाद्य खाली ठेविले आहे काय? २२ जुलै २०२१ रोजी महाडात महापूर आला. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. पुढील दिवसांत आपल्या घरांतील चिखल ज्यांनी उपसला, ज्यांनी भाकरी पोचविल्या, त्यांची यादी ज्ञातीप्रमाणे कोणी केली नाही. आपण घेतलेले ऋण मोठे आहे. पाच रात्रींचे गाणे ही त्याची फेड नव्हे, व्याजही नव्हे. निदान ऋणाची आठवण तरी आहे, एवढेच त्यातून दिसेल.

तेव्हा ठराव मतास येईल त्या वेळी त्यात एवढी दुरुस्ती करावी, अशी माझी नम्र सूचना आहे : ‘संगीतसभांचे आयोजन ज्ञातिसंस्था करील, कलावंतांची निवड गुणांवर होईल, सभा सर्वांस खुल्या राहतील व बसण्याच्या जागा राखीव नसतील.’ ही दुरुस्ती संमत झाली, तर पहिल्या सभेच्या वर्गणीत माझे नाव प्रथम लिहावे. आणि त्या दिवशी सनईवाल्यास आत बोलावण्यासाठी अंगणात जाण्याचा मान मला द्यावा. आमच्या घरचे ते काम फार दिवसांचे राहून गेले आहे.