मिरी, हळद आणि वेदनाशमन : वनस्पतिजन्य द्रव्यांची कसोटी



म्हैसूर शहरातील नजरबाद हा भाग चामुंडी टेकडीच्या बाजूला वसलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने येथे नवा किल्ला उभारण्यास आरंभ केला, त्यावरून हे नाव रूढ झाले. किल्ला पूर्ण झाला नाही. 1799 नंतर त्याचे दगड म्हैसूरच्या बांधकामासाठी वापरले गेले. टिपूच्या राज्यात मिरी, चंदन आणि वेलदोडे यांच्या व्यापाराची मक्तेदारी शासनाकडे होती. एकेकाळी ज्या मिरीकडे राज्यकर्ते महसुलाच्या दृष्टीने पाहत होते, तिच्यातील रासायनिक द्रव्याचा अभ्यास याच शहरात पुढे प्रयोगशाळेत झाला. तो केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे सीएफटीआरआयमध्ये. 1950 साली चेलुवांबा महालात सुरू झालेल्या या संस्थेचे मुख्य काम अन्नप्रक्रियेचे असले, तरी मसाल्यांचे शरीरावर काय परिणाम होतात, हा विषय तेथे अनेक दशके अभ्यासला गेला.

तेथील बी. जो, यू. जे. एस. राव आणि बी. आर. लोकेश या संशोधकांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वेदनाशमनाच्या प्रश्नाला जवळचा आहे. कृत्रिमरीत्या संधिवात निर्माण केलेल्या उंदरांना त्यांनी मिरचीतील कॅप्सेसिन आणि हळदीतील कुरकुमिन तोंडावाटे दिले. उंदरांच्या पंजाची सूज कमी झाली आणि संधिवातात रक्तद्रवात वाढणाऱ्या एका ग्लायकोप्रोटीनचे प्रमाणही घटले. के. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कॅप्सेसिन, कुरकुमिन आणि मिरीतील पिपेरिन ही द्रव्ये आतड्यातून किती शोषली जातात, कोणत्या ऊतींत पोहोचतात आणि केव्हा बाहेर टाकली जातात, याचे मोजमाप केले. दिसायला हे काम नीरस वाटते. तथापि, औषध म्हणून पुढे येणाऱ्या कोणत्याही वनस्पतिजन्य द्रव्याबाबत पहिला प्रश्न हाच असतो, की पोटात गेलेल्यापैकी रक्तात पोहोचते किती?

दोन वेगळे दावे

एखादे वनस्पतिजन्य द्रव्य ‘वेदनेवर गुणकारी’ आहे, असे म्हटले जाते तेव्हा त्यात दोन भिन्न दावे मिसळलेले असू शकतात. पहिला दावा असा, की ते द्रव्य स्वतः वेदना कमी करते. अफूतील मॉर्फिन हे त्याचे ठळक उदाहरण. जर्मन औषधनिर्माता सेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते वेगळे केले. विलोच्या सालीतील सॅलिसिन 1828 मध्ये वेगळे काढण्यात आले आणि त्या वाटेने 1897 मध्ये अ‍ॅस्पिरिनपर्यंत मजल गेली. दुसरा दावा असा, की ते द्रव्य स्वतः फारसे काही करत नाही, परंतु सोबत दिलेल्या औषधाचा परिणाम वाढवते. अशा द्रव्याला जैववर्धक म्हणतात. या दोन दाव्यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यास निष्कर्ष चुकतात.

पहिल्या दाव्याची प्राथमिक तपासणी प्राण्यांवर होते. तप्त पृष्ठ चाचणीत उंदराला साधारणपणे 55 अंश सेल्सियस तापमानाच्या पत्र्यावर ठेवून तो पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत लागणारे सेकंद मोजतात. इजा होऊ नये म्हणून ठरावीक सेकंदांनंतर त्याला उचलणे बंधनकारक असते. या चाचणीतून मुख्यतः मेंदू व मज्जारज्जू यांवर काम करणारी औषधे ओळखता येतात. पोटात सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल टोचल्यावर उंदीर अंग किती वेळा पिळवटतो, हे मोजणारी चाचणी परिघीय वेदनेसाठी वापरतात. कॅराजीनन टोचून आणलेली पंजाची सूज दाहाचे मापन देते. फॉर्मालिन चाचणी विशेष उपयुक्त ठरते, कारण तिच्यात वेदनेचे दोन टप्पे पडतात. पहिल्या काही मिनिटांत चेतातंतू थेट उद्दीपित होतात, तर थोड्या विश्रांतीनंतर सुरू होणारा दुसरा टप्पा दाहाचा असतो. मॉर्फिन दोन्ही टप्पे दडपते. अ‍ॅस्पिरिनच्या वर्गातील औषधांचा परिणाम प्रामुख्याने दुसऱ्या टप्प्यावर दिसतो.

येथे एक सापळा आहे. उंदराला गुंगी आली किंवा त्याचे स्नायू शिथिल पडले, तरी तो उशिरा उडी मारतो आणि नोंदवहीत मात्र ‘वेदनाशामक परिणाम’ अशी नोंद होते. त्यामुळे फिरत्या दांडीवर प्राणी तोल सांभाळू शकतो की नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. ही जोडचाचणी नसलेले निष्कर्ष, ते कितीही आकर्षक असले, तरी राखूनच वाचावेत. यंत्रणा शोधण्यासाठी नॅलॉक्सोन हे अफूवर्गीय ग्राहींना रोखणारे औषध आधी देतात. त्यामुळे वनस्पतिजन्य द्रव्याचा परिणाम नाहीसा झाला, तर ते त्याच मार्गाने काम करते, असे अनुमान निघते. कॅप्सेसिनचा मार्ग मात्र वेगळा निघाला. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये त्याचा ग्राही, टीआरपीव्ही-1, ओळखला. उष्णतेची दाहक जाणीव हाच ग्राही करून देतो. या शोधासाठी ज्युलियस यांना 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अर्डेम पटापूटियन यांच्यासह विभागून मिळाले. नागिणीनंतर मागे राहणाऱ्या चेतावेदनेसाठी 8 टक्के कॅप्सेसिनची पट्टी अमेरिकेत 2009 पासून मान्यताप्राप्त आहे.

पिंपळीपासून पिपेरिनपर्यंत

दुसऱ्या दाव्याचा इतिहास भारतीय आहे. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे त्रिकटू आयुर्वेदातील असंख्य कल्पांत आढळते. अडुळशासोबत पिंपळी दिल्यास दम्यावरील परिणाम वाढतो, अशी नोंद 1929 मध्येच झाली होती. जम्मूच्या तत्कालीन प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सी. के. अटल आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस यामागील कारणाचा शोध घेतला. पिंपळीमुळे अडुळशातील व्हॅसिसिनचे रक्तातील प्रमाण लक्षणीयरीत्या वाढते, असे त्यांना आढळले. सक्रिय घटक पिपेरिन ठरला. हे द्रव्य काही नवे नव्हते. डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी ते 1819 मध्येच वेगळे केले होते.

पिपेरिन हे कसे साधते? गिळलेले औषध आतड्याच्या भिंतीतून आत जाते तेव्हा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्याचा काही भाग परत बाहेर फेकतो. जे आत शिरते, त्याचे आतड्यातील व यकृतातील विकरे विघटन करतात किंवा ते उत्सर्जनासाठी तयार करतात. सीवायपी-3ए-4 हे त्यांतील सर्वांत महत्त्वाचे विकर. पिपेरिन पंपालाही रोखते आणि विकरालाही, त्यामुळे औषध रक्तात अधिक प्रमाणात व अधिक काळ राहते. या तत्त्वावर जम्मूची संस्था, जिचे नाव 2007 पासून भारतीय समवेत औषध संस्था असे आहे, आणि अहमदाबादची कॅडिला फार्मास्युटिकल्स यांनी क्षयरोगावरील ‘रिसोरिन’ विकसित केले. 2009 मध्ये बाजारात आलेल्या या कॅप्सूलमध्ये रिफॅम्पिसिन नेहमीच्या 450 मिलिग्रॅमऐवजी 200 मिलिग्रॅम होते आणि सोबत 300 मिलिग्रॅम आयसोनियाझिड व 10 मिलिग्रॅम पिपेरिन होते. कमी औषधात तेवढाच परिणाम मिळवण्याची ही कल्पना आर्थिक दृष्टीने मोलाची होती.

हळदीच्या बाबतीत आकडे अधिक गाजले. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले, की 2 ग्रॅम कुरकुमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यास निरोगी व्यक्तींत कुरकुमिनची जैवउपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढते. हा आकडा आज असंख्य डब्यांवर छापलेला दिसतो. त्याचा आधार मात्र क्वचितच सांगितला जातो. एकटे कुरकुमिन दिल्यावर रक्तात ते जवळजवळ सापडलेच नव्हते. शून्याजवळच्या संख्येची वीसपट वाढ ही वेदना कमी करण्याइतकी आहे काय, हा प्रश्न स्वतंत्र चाचणीनेच सुटू शकतो.

एकत्रित परिणाम तपासताना संशोधक वेदनाशामक औषधाची अपुरी मात्रा आणि वनस्पतिजन्य द्रव्याची अपुरी मात्रा एकत्र देतात. दोन्हींच्या निम्म्या मात्रांनी एका पूर्ण मात्रेइतका परिणाम दिला, तर ती केवळ बेरीज होय. त्याहून कमी मात्रेत तो मिळाला, तरच सहक्रिया सिद्ध होते. परंतु एवढ्यावर थांबता येत नाही. रक्तातील औषधाचे प्रमाण मोजले नाही, तर वाढलेला परिणाम दोन द्रव्यांच्या वेगवेगळ्या क्रियांमुळे आला की यकृताची विकरे रोखल्यामुळे, हे कळत नाही. वारंगळच्या काकतीय विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांत पिपेरिननंतर डायक्लोफेनॅकचे रक्तातील प्रमाण वाढल्याचे 2017 मध्ये नोंदवले. डायक्लोफेनॅक अधिक काळ राहणे म्हणजे वेदनाशमन अधिक, आणि जठर व मूत्रपिंड यांना असलेला धोकाही अधिक. जम्मूच्याच संशोधकांनी 1987 मध्ये फिटावरील फेनिटॉइन या औषधाबाबत अशीच वाढ दाखवली होती. फेनिटॉइनची गुणकारी आणि विषारी पातळी यांत अंतर अगदी थोडे असते.

अमेरिकेतील औषधजन्य यकृतइजेच्या नोंदणीजालाने 2022 मध्ये हळदीच्या पूरकांशी संबंधित दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. एक रुग्ण दगावला. दहांपैकी सात जणांत एचएलए-बी*35:01 ही जनुकीय खूण होती. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिघांत पिपेरिन आढळले. रोजच्या भाजीतील हळदीवर या अहवालावरून बोट ठेवता येणार नाही. प्रश्न आहे तो संहत अर्क, त्याचे शोषण वाढवणारे द्रव्य आणि संवेदनशील व्यक्ती एकत्र येण्याचा.

नागपूर आणि पुण्याच्या चाचण्या

महाराष्ट्रात मानवी चाचण्यांची परंपरा उल्लेखनीय आहे. सातपुड्याच्या रानात वाढणाऱ्या सालईच्या डिंकाचा अर्क नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याच्या संधिवाताच्या 30 रुग्णांवर प्लासिबोशी तुलना करून तपासला गेला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वेदना व सूज कमी झाल्याचे दिसले. संख्या लहान होती. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा आणि पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन यांच्या सहभागाने सीएसआयआरच्या कार्यक्रमांतर्गत झालेली, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याहून बरीच मोठी होती. 440 रुग्ण, 24 आठवडे आणि चार गट. दोन गटांना सुंठ, गुळवेल व आवळा यांच्या अर्कांची औषधे मिळाली, त्यांपैकी एकात सालईही होती. उरलेल्या दोन गटांना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब देण्यात आले. कोण काय घेतो आहे, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. आयुर्वेदीय औषधे सेलेकॉक्सिबच्या तोडीची ठरली.

या चाचणीचे मोल तिच्या दुसऱ्या निष्कर्षात अधिक आहे, असे म्हणावे लागेल. आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या सात रुग्णांत एसजीपीटी हे यकृताचे विकर वाढल्याने त्यांना चाचणीतून बाहेर काढावे लागले. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. त्यांना कोणतीही लक्षणे नव्हती, म्हणजे नियमित रक्ततपासणी नसती, तर हे कळलेच नसते. मिश्रणात अनेक वनस्पती असल्याने दोष एकीवर ठेवता येत नाही. गुळवेलीबाबत मात्र 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांतील यकृतइजेचा अहवाल दिला, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवली गेली नसल्याचा आक्षेप घेतला. त्या वादातून वनस्पतीची नेमकी ओळख आणि अर्काचे प्रमाणीकरण या प्राथमिक पायऱ्यांचे महत्त्व पुन्हा चर्चेत आले.

कायद्याने या द्रव्यांना एकच दार ठेवलेले नाही. 2015 च्या अधिसूचनेने ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा वर्ग निर्माण केला. त्यात शुद्ध केलेल्या अर्कातील किमान चार घटकांचे मोजमाप आणि सुरक्षिततेची माहिती द्यावी लागते. ग्रंथोक्त आयुर्वेदीय औषधांची परवाना पद्धती वेगळी आहे. तोच पिपेरिनयुक्त अर्क अन्नपूरक म्हणून विकला गेला, तर त्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 लागू होतो. तेथे नव्या औषधासारख्या मानवी चाचण्यांची अट नाही. पिपेरिन एखाद्या आधुनिक औषधासोबत एकाच गोळीत प्रथमच घालायचे असेल, तर ते नवे औषध ठरते आणि 2019 च्या नियमांनुसार केंद्रीय परवानगी घ्यावी लागते. रुग्णाने सकाळी डायक्लोफेनॅकची गोळी आणि दुपारी दुकानातून आणलेली हळद-मिरीची कॅप्सूल घेतली, तर मात्र यांपैकी कोणताही नियम त्या दोघांच्या मध्ये येत नाही.