आधी सांगावे, मग मागावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझ्याकडे हळदीकुंकवाचे तबक नाहीतर रांगोळीचे काम असते, आणि ते मला जमते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही दहा मिनिटे बोला." मी प्रथम नाहीच म्हटले. बोलण्यासारखी एकच गोष्ट माझ्यापाशी आहे आणि ती चारचौघींत सांगावयाची लाज वाटते, असे मी त्यांना सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "लाज वाटते म्हणूनच बोला." म्हणून उभी राहिले आहे. चुकले माकले तर सांभाळून घ्यावे.

गोष्ट मागच्या आषाढातली. अंघोळ करताना उजव्या छातीला, काखेच्या बाजूस, हाताला गाठ लागली. हरभऱ्याच्या दाण्याहून मोठी, बोराहून लहान. दुखत नव्हती. दुखत नाही त्या अर्थी काही नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. ही समजूत अगदी उलटी असते, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळले. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि म्हणूनच बाया ती अंगावर काढतात.

मी घरात कोणाला सांगितले नाही. कारणे विचाराल तर पुष्कळ होती. केळीची कटाई चालू होती, घरच्यांना दोन घास नीट खावयास सवड नव्हती. मुलगा पुण्याला नोकरीला नुकताच लागला होता. आणि कानबाई तोंडावर आली होती. आपल्या खानदेशात कानबाईचे रोट म्हणजे काय, हे मी आपणांस सांगावयास नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंद जेथे असतील तेथून घरी येतात. अशा वेळी घरात असले काही कसे काढावे? रोट होऊ देत, मग बघू, असे मी म्हणत राहिले.

पण खरे कारण निराळे होते. माझी एक आत्या याच दुखण्याने गेली. तिने दीड वर्ष पदराखाली झाकून ठेवले. जखम वाहू लागली, घरात वास येऊ लागला, तेव्हा कुठे माणसांना कळले. मी तेव्हा लहान होते. तिच्या खोलीशी जाऊ नका, एवढेच आम्हां मुलांना सांगितलेले आठवते. पुढे आमच्या माहेरी 'गाठ' हा शब्दच कोणी काढीत नसे. भगिनींनो, आत्या लाजेने गेली हे मला ठाऊक होते, आणि तरी मी अगदी तिच्यासारखीच वागत होते!

घरच्यांना सांगितले नाही, पण देवीला साकडे घातले. आडगावच्या मनुदेवीला मनातल्या मनात नवस बोलले, की गाठ जिरू दे, खणानारळाने ओटी भरीन. नवस बोलले आणि त्याच रात्री अंथरुणात गाठ चाचपून पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. गाठ होती तेथेच होती. मी देवीवर भार टाकला आहे असे म्हणत होते, पण खरे पाहता तिच्या नावाखाली दवाखाना टाळीत होते.

रोटांच्या दिवशी घर भरून गेले. चौरंगावर कानबाई बसली, तिला नथ घातली, फुलांनी मढविले. रात्री जागरणाला बाया गाऊ लागल्या. दरवर्षी पहिले गाणे मी उचलते, यंदा माझ्या तोंडून शब्द निघेना. धाकट्या जाऊबाईंनी ते पाहिले. माझा हात सारखा काखेकडे जातो, हेही त्यांच्या ध्यानात आलेले होते. सोमवारी विसर्जन करून आम्ही नदीवरून परतलो. स्वयंपाकघरात दोघीच असताना त्या म्हणाल्या, "ताई, काय लपवता?" मी रडू लागले. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. त्यांच्यापासून लपविणे आता शक्यच नव्हते.

मला वाटले होते, त्या घाबरतील, नाहीतर रागावतील. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "काय वं माय, कानबाई काय परकी आहे? ती पण बाईच. दोन दिवस घरात बसली होती, तिच्यासमोर तरी बोलायचं. आणि आम्ही कशाला आहोत?" मी नवसाचे सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "आधी सांगावं, मग मागावं. घरात न सांगता देवीकडं मागितलं, तर तिनं कोणाच्या हातानं मदत करायची?"

आज माझ्या बोलण्याला हेच नाव दिले आहे. शिकलेल्या माणसांच्या व्याख्यानांतही इतके स्वच्छ मी ऐकलेले नाही.

संध्याकाळी यांना सांगितले. हे काही बोलले नाहीत. उठून बाहेर ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने आत आले आणि एवढेच विचारले, "सकाळी जळगावला किती वाजता निघायचं?" कटाईचे काय, असे मी म्हटले, तर म्हणाले, "घड एक दिवस थांबतील."

जळगावला डॉक्टरांनी प्रथम हाताने तपासले, मग मॅमोग्राफी व सोनोग्राफी केली, आणि सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणीला पाठवावयाचे ठरले. तेथे मी पुन्हा अडले. सुई लावली की कर्करोग अंगभर पसरतो, असे मी लहानपणापासून ऐकलेले. डॉक्टरांनी सांगितले, की सुईच्या तपासणीने रोग पसरत नाही. तपासणीला उशीर झाला तर मात्र पसरावयास सवड मिळते. गाठ काय आहे हे कळल्याशिवाय औषध कसले द्यावयाचे? माझी समजूत पटली.

निकालाला सहा दिवस लागले. ते सहा दिवस कसे गेले, हे मुद्दाम सांगते, कारण माणसाची व श्रद्धेची खरी परीक्षा अशाच वेळी असते. घरात कोणी खोटे बोलावयाचे नाही, असे सासूबाईंनी ठरविले. "काही होणार नाही" असे कोणी म्हटले की त्या म्हणत, "ते आपल्याला काय माहीत? होईल ते सगळे मिळून बघू." मला त्या शब्दांचा जितका आधार वाटला, तितका खोट्या धीराचा वाटला नाही. मुलगा पुण्याहून आला. रात्रीचे जेवण सर्वांनी एका पंक्तीला घ्यावयाचे, अशी रीत पडली. जाऊबाई माझ्या खोलीत झोपू लागल्या. एका नातलगाने कसल्याशा मुळीची पूड आणून दिली आणि दवाखाना सोडा म्हणून सांगितले. यांनी पूड घेतली, चहा पाजला आणि पूड कपाटावर ठेवून दिली. ती अजून तेथेच आहे!

सासूबाई सांजवात लावताना मला जवळ बसवीत. नवा नवस त्यांनी बोलू दिला नाही. म्हणाल्या, "देवीशी सौदा करू नको. नुसतं म्हण, माझ्यासोबत चल." मी तसेच म्हणत असे. गाठ जिरली नाही, परंतु झोप लागू लागली.

निकाल घ्यावयास गेलो, त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी रावेरकडची एक बाई बसली होती. सोबत तिची नणंद. आम्ही डब्यातील भाकरी-चटणी वाटून खाल्ली. तिने मुक्ताईला साकडे घातले होते, मी मनुदेवीला. आधी मला आत बोलाविले. गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हे. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावयास सांगितले. मी डोळे पुसत बाहेर आले. मग ती आत गेली. तिची गाठ कर्करोगाची निघाली.

भगिनींनो, त्या दिवसापासून मी "देवीने मला वाचविले" असे तोंडाने म्हणत नाही. तसे म्हटले तर त्या बाईच्या श्रद्धेला मी कमी लेखल्यासारखे होईल. तिची भक्ती माझ्याहून तिळभरही उणी नव्हती. देव पावला की नाही, हे तपासणीच्या कागदावरून ठरवू नये. मला दवाखान्याच्या दारापर्यंत जाण्याचे बळ आले व घरची माणसे भोवती उभी राहिली, यातच मला देवी दिसली. आणि ते बळ त्या बाईलाही मिळाले होते. गाठ लागल्यापासून तीन आठवड्यांत ती तपासावयास आली होती. मी तिच्याहून अधिक दिवस घालविले होते. माझी गाठ तिच्यासारखी निघाली असती, तर त्या दिवसांचा हिशेब मला द्यावा लागला असता.

तिला पुढे मुंबईस टाटा रुग्णालयात नेले. या रुग्णालयाची कथाही एका घरच्याच दुःखातून निघालेली आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. 1932 साली त्यांच्या नावाने रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी उभा राहिला. त्याच वर्षी दोराबजीही गेले. पुढे त्यांच्या विश्वस्त निधीने परळला हे रुग्णालय बांधले, ते 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. रावेरची ती बाई व तिची नणंद दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिल्या. टाटाला येणाऱ्या रुग्णांची व सोबतच्या माणसांची तेथे राहण्याजेवणाची सोय होते. गाडगेबाबांनी जन्मभर देव माणसांत पाहावयास सांगितले, त्यांच्या नावाला हे शोभते. बाईचे उपचार चांगले चालले आहेत. तिचा फोन येतो. केस गेले तेव्हा नणंदेने आपल्या साडीचा पदर कापून तिला रुमाल शिवून दिला, हे सांगताना ती हसत होती.

दुखणे न लपविण्याचे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पुढे त्यांना कर्करोग झाला. त्यांनी तो झाकला नाही व कामही टाकले नाही. 1997 साली त्या गेल्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी त्या दिवसांविषयी मोकळेपणाने लिहिले, आणि कन्या मुक्ता यांनी आईचे काम पुढे चालविले. रोगाने माणूस नेले, पण घर मोडले नाही.

आता थोडे उपयोगाचे सांगते. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत एक मोठा अभ्यास केला. 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांतील निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन स्त्रियांची छाती नुसती हाताने तपासत. त्याचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, सुई नाही, केवळ शिकलेला हात! आपल्याकडेही तीस वर्षांवरील स्त्रियांची छातीची, तोंडाची व गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून करावी, असा कार्यक्रम आहे. आपल्या आशाताईंना विचारा. खर्चाची भीती वाटत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. ही योजना 2012 साली दुसऱ्या नावाने प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपले धुळेही होते. गाठ, कातडीला पडलेली खळी, बोंडातून येणारे रक्त, यांतले काहीही दिसले तर वाट पाहू नये. बहुतेक गाठी माझ्यासारख्या साध्याच निघतात. पण साधी कोणती आणि वाईट कोणती, हे आपल्या बोटांनी ठरवावयाचे नसते.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. वर्षातून एकदा आरोग्यसेविकेला आपल्या सभेला बोलवावे आणि सर्वजणींनी तपासून घ्यावे. आणि ज्या बहिणीला जळगावला जावयाचे असेल व घरचे कोणी मोकळे नसेल, तिच्यासोबत मंडळातील दोघींनी जावे. पहिले नाव माझे लिहून घ्यावे.

नवरात्रात मी मनुदेवीला जाऊन आले. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या आल्या. तेथे मी ओट्या दोन भरल्या, एक माझी आणि एक रावेरच्या माझ्या त्या बहिणीची. सासूबाईंनी विचारले, "काय मागितलंस?" मी म्हटले, "काही नाही, सगळे सांगितले."