कामाची बैठक आणि पाठीचा कणा



शेतात दिवसभर राबणाऱ्याची पाठ दुखते, हे कोणालाही पटते. पण घरी बसून काम करणाऱ्याने कंबर धरली की लोक म्हणतात, "बसून बसून काय दुखायचे?" पेपरांचे गठ्ठे तपासणारे गुरुजी, शिलाई-यंत्रावर वाकलेली बहीण, सिन्नर-सोलापूरकडे मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई, रात्री मोबाईलवर शाळेची माहिती भरणाऱ्या शिक्षिका, ही सारी मंडळी घरातच राबत असतात. यांतल्या कित्येकांची मजुरी नगावर ठरलेली असते. पाठ धरली की त्या दिवसाची चूल अडते. म्हणून घरातल्या कामाच्या जागेचा विचार आज आपण करू.

हे दुखणे काही आजकालचे नव्हे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शिंपी आणि चांभार सतत वाकून बसतात आणि त्यामुळे त्यांची पाठच वाकून जाते, हे त्यांनी त्यात नमूद केले आहे.

आता पाठीची रचना पाहू. मान, पाठ आणि कंबर मिळून आपल्या कण्यात २४ सुटे मणके असतात. बहुतेक मणक्यांच्या मध्ये एकेक लवचिक गादी असते. मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिला लागणारे पोषण शेजारच्या हाडातून झिरपत येते. भार पडला की गादीतले पाणी थोडे बाहेर जाते, आडवे झालो की परत आत येते. याची प्रचीती शिक्षकांनी मुलांना सहज द्यावी. सकाळी उठल्याबरोबर भिंतीला टेकून उंचीची खूण करावी आणि निजण्यापूर्वी पुन्हा करावी. संध्याकाळी आपण सुमारे एक ते दोन सेंटिमीटरने बुटके झालेले असतो!

या गादीवर किती दाब पडतो हे १९६० च्या दशकात स्वीडनमधील डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी सुई घालून मोजले. उभे राहण्यापेक्षा बसण्यात दाब अधिक, असे त्यांना आढळले. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका माणसाच्या गादीत बारीक मापक बसवून पुन्हा मोजणी केली. टेकून, सैल बसले असता दाब उभे राहण्यापेक्षा कमीच भरला; मात्र बसल्या जागी पुढे पूर्ण वाकले की तो बराच वाढला. तेव्हा नुसत्या बसण्याला दोष देऊन चालणार नाही. आधाराशिवाय, वाकून आणि तासन्‌तास एकाच ठेवणीत बसणे, हे खरे जाचक आहे.

मग जागा कशी मांडावी? फार खर्च नको. जुन्या पेढीवरची बैठक आठवा. खाली गादी, पाठीशी तक्क्या आणि समोर उतरते डेस्क. त्या डेस्काच्या उतारात मोठे शहाणपण होते. चोपडी डोळ्यांकडे येई, मान चोपडीकडे जात नसे. आपले डोके चार-पाच किलोंचे असते. ते पुढे झुकले की सगळा ताण मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंना सोसावा लागतो. हात-दीड हात रुंदीची एक फळी घ्यावी, तिच्या पलीकडच्या कडेखाली वीतभरापेक्षा थोडा कमी उंचीचा ठोकळा ठेवावा, की असे उतरते मेज घरच्या घरी तयार होते.

जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांनी बुडाखाली पाट किंवा घडी केलेली गोधडी घ्यावी. गुडघे कंबरेपेक्षा वर राहिले की कंबरेचा नैसर्गिक बाक मोडतो आणि पाठीला पोक येते. बूड थोडे उंच झाले की तो बाक टिकतो. पाठ भिंतीला टेकावी आणि कंबरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला टॉवेल ठेवावा.

खुर्चीवर बसत असाल तर पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा विटा ठेवाव्यात. मेज कोपराच्या उंचीचे असावे. ते उंच असेल तर खांदे चढतात, ठेंगणे असेल तर पाठ वाकते. लॅपटॉप असल्यास तो चार जाडजूड पुस्तकांवर ठेवावा आणि टंकलेखनासाठी वेगळा कळफलक जोडावा. मोबाईल हातात धरायचा तर कोपर मेजावर टेकून तो डोळ्यांसमोर आणावा. विड्या वळणाऱ्या भगिनींनी सूप मांडीऐवजी समोरच्या ठेंगण्या चौरंगावर ठेवून पाहावे. हात तितकेच चालतील, पण पाठ कमी वाकेल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही, ती म्हणजे उजेड. दिवा मंद असला की माणूस नकळत कागदावर ओणवतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा. चाळिशी लागली असेल तर चष्मा वेळेवर करून घ्यावा. पुष्कळांची मान डोळ्यांपायी दुखत असते!

पण हे सगळे केले तरी एका जागी चार तास खिळून बसलात, तर उत्तम बैठकही फुकट जाईल. गादीला पोषण हवे, स्नायूंना रक्त हवे, आणि दोन्हींसाठी हालचाल हवी. पाण्याचा तांब्या जवळ न ठेवता मुद्दाम खोलीच्या पलीकडे ठेवावा. दहा पेपर तपासले की उठावे, पाणी प्यावे, दाराबाहेर डोकावून यावे. अर्ध्या तासाने दोन मिनिटे गेली तर काम बुडत नाही.

पाठ भरून आली की अंथरूण धरायचे, ही आपली जुनी रीत. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास वेगळेच सांगतो. दोन दिवस निजून राहिलेल्यांपेक्षा, सोसवेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. मात्र पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, पडल्यानंतर दुखू लागले, किंवा दुखण्यासोबत ताप येऊ लागला वा वजन घटू लागले, तर घरगुती उपाय करीत बसू नये. तडक डॉक्टर गाठावा.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणून आपण मुलांना तासभर पुतळ्यासारखे बसवतो आणि चुळबुळ करणाऱ्याला रागावतो. त्या चुळबुळीत त्याच्या पाठीची गरज असते. दर तासाला वर्गाला उभे करा, हात वर ताणायला सांगा, एखादी कविता उभ्याने म्हणून घ्या. आणि हो, त्यांच्याबरोबर आपणही उभे राहा. घरी गेल्यावर गठ्ठा तपासायचा आहेच.