शेपटीकडून सुरुवात



जुन्या विमानापाशी उभ्या असलेल्या माणसाचा फोटो सापडला, की घरची मंडळी आधी त्या माणसाचा चेहरा बघतात. विमानं ओळखण्याचा ज्यांना नाद आहे, ती माणसं आधी शेपटी बघतात. डी हॅविलँड या इंग्रजी कंपनीच्या विमानांच्या शेपटीला एक विशिष्ट गोलाई असे. ती एकदा डोळ्यांत बसली की फोटो कितीही फिकट झालेला असो, कंपनीचं नाव पटकन ओठांवर येतं. पुढचं काम मात्र सावकाशीचं. पंख एकावर एक दोन आहेत की एकच? त्यांच्यामधले खांब किती? इंजिनाचे सिलिंडर एका ओळीत आहेत की चांदणीसारखे गोल मांडलेत? नोंदणीची अक्षरं दिसली तर सोनंच. व्हीटीने सुरू होणारी भारताची, जीने सुरू होणारी ब्रिटनची. पण फोटोतला माणूस बहुतेक वेळा नेमका त्या अक्षरांसमोर उभा असतो.

आणि फोटो स्वतःही फसवतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे लाल ते काळं उमटे, पिवळं गडद होई आणि निळं पांढुरकं पडे. ब्रिटिश हवाई दलाच्या विमानावर निळं वर्तुळ, त्यात पांढरं कडं आणि मधोमध लाल ठिपका असायचा. अशा फिल्मवर ते निळं इतकं फिकं येतं, की नुसता काळा ठिपका नजरेत भरतो आणि नवखा माणूस ते भलत्याच देशाचं विमान ठरवून मोकळा होतो. शिकाऊ वैमानिकांची पिवळीधमक विमानं या फोटोंमध्ये जवळजवळ काळी दिसतात. याउलट दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या फोटोत वर्तुळात लाल ठिपका नसेल, तर तिथे फिल्मचा दोष शोधू नये. जपानी विमानांवर लाल सूर्य असे. घाईत आपल्याच माणसांनी आपल्या विमानावर गोळी झाडू नये म्हणून तिथल्या दोस्त राष्ट्रांच्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकला होता. तो ठिपका नाही, एवढ्यावरून फोटोच्या काळाचा अंदाज बांधता येतो.

आता एक हकिगत जरा सविस्तर सांगतो. इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठी मेडमनहॅम इथे डेनसफील्ड हाउस नावाचा मोठा वाडा आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलखावरून काढलेले फोटो इथे वाचले जात. हो, वाचलेच जात. एकावर एक येणारे दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली ठेवले की सपाट कागदातून घरं, झाडं, विमानं उठून उभी राहत. तिथला विमानांचा विभाग कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या तरुण अधिकारी बाईंकडे होता. युद्धाआधी त्या ‘द एरोप्लेन’ या साप्ताहिकात लिहीत असत.

1943 च्या जूनमध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेमुंडे या जर्मन तळाचे फोटो त्यांच्या टेबलावर आले. त्यांत चार चिमुकली विमानं होती आणि त्यांना मागचे आडवे पंख नव्हते. असं विमान कुणी पाहिलेलं नव्हतं. बाईंनी त्याला नाव दिलं ‘पेनेमुंडे 30’. पंखांचा विस्तार सुमारे 30 फूट, एवढंच त्या नावात होतं. मला या नावाबद्दल फार आदर वाटतो. जे मोजता आलं तेवढंच त्यांनी लिहिलं, वर एक अक्षर नाही. ते मेसरश्मिट 163 हे रॉकेटवर उडणारं विमान होतं, ते नंतर कळलं.

नोव्हेंबरात त्यांना सांगण्यात आलं, की लढाऊ विमानापेक्षाही लहान असं काही दिसतं का, ते शोधा. त्यांनी जूनचे जुने फोटो पुन्हा काढले. एका इमारतीशेजारी एक मिलिमीटरही न भरणारा, क्रुसासारखा पांढरट ठिपका होता. नाव पडलं ‘पेनेमुंडे 20’. मग 28 नोव्हेंबरला जॉन मेरिफील्ड हे वैमानिक मॉस्किटो विमान घेऊन बर्लिनचे फोटो काढायला निघाले. बर्लिनवर ढग होते, म्हणून ते उत्तरेला वळले आणि पेनेमुंडेवरून फोटो घेऊन परतले. त्या फोटोंत किनाऱ्यालगत काही तिरप्या उतरणी दिसत होत्या. त्या आधीही दिसल्या होत्या, पण समुद्रातला गाळ उपसण्याची ती यंत्रं असावीत असं इतरांनी ठरवून टाकलं होतं. बाईंना ते पटेना. त्यांनी भिंग धरून एकेक उतरण न्याहाळली. त्यातल्या एकीवर तोच क्रूस बसलेला होता, तोंड समुद्राकडे.

तो म्हणजे व्ही-1 हा वैमानिक नसलेला उडता बॉम्ब. तशाच उतरणी उत्तर फ्रान्समध्ये उभ्या राहत होत्या, त्या कशासाठी याचा उलगडा या एका ठिपक्याने झाला. लंडनवर असा पहिला बॉम्ब पडला तो 13 जून 1944 रोजी, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक काळानंतर. व्ही-1 चा खरा पंखविस्तार अठरा फुटांच्या किंचित आत होता. मिलिमीटरभर ठिपक्यावरून केलेलं माप जेमतेम अडीच फुटांनीच हुकलं होतं!

याच्या नेमकं उलटंही घडतं. अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट 2 जुलै 1937 रोजी प्रशांत महासागरावर नाहीशा झाल्या. त्याआधी जूनमध्येच त्यांचं लॉकहीड इलेक्ट्रा कराची आणि कलकत्त्याला उतरून गेलं होतं. 2017 साली अमेरिकेतल्या एका माहितीपटात मार्शल बेटांवरच्या धक्क्याचा एक फोटो दाखवला गेला. धक्क्यावर पाठमोरी बसलेली व्यक्ती म्हणजे इअरहार्ट आणि दूर जहाजामागून ओढत नेलेली अंधूक वस्तू म्हणजे त्यांचं विमान, असा दावा होता. त्या वस्तूची लांबीही मोजून जुळवलेली होती. जपानमधल्या एका अभ्यासकाने मात्र विमानाकडे पाहिलंच नाही. हा फोटो याआधी कुठे छापला गेलाय का, एवढंच त्याने शोधलं, आणि थोड्याच वेळात तो एका जपानी प्रवासवर्णनात सापडला. पुस्तक छापलं होतं 1935 साली. विमान बेपत्ता होण्याच्या दोन वर्षं आधी!

मला त्या दावा करणाऱ्यांचा राग येत नाही. हरवलेलं माणूस सापडावं असं कुणाला वाटणार नाही? पण ज्याला फोटोत काय हवंय ते आधीच ठरलेलं असतं, त्याला ते दिसतंच. हे मी स्वतः अनुभवलं आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका आजींनी मला एक फोटो दाखवला. त्यांचे वडील, नाना, टपाल खात्यात होते. घरात पूर्वापार सांगत आले होते, की 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्याच विमानासमोर नाना उभे आहेत. मीही हरखलो. टाटांचं ते पस मॉथ, व्हीटी-एडीएन! नोंदणीची अक्षरं अर्थातच फोटोच्या चौकटीबाहेर राहिली होती. वरचा एकच पंख, बंद केबिन, डी हॅविलँडची ती शेपटी. मला तरी आणखी काय हवं होतं?

घरी नेऊन भिंगाखाली धरला, तेव्हा पंख खटकला. पस मॉथच्या पंखाची रुंदी मुळापासून टोकाजवळपर्यंत सारखी असते. हा पंख टोकाकडे निमुळता होत गेला होता. कॅमेऱ्याच्या कोनामुळे सरळ पंखही निमुळता भासू शकतो, म्हणून मी चाकांकडे वळलो. चाकाला धरणारा लांब दांडा पस मॉथमध्ये पंखाच्या मुळाशी जाऊन भिडतो. इथे तो इंजिनामागच्या भिंतीपाशीच थांबत होता. हे लेपर्ड मॉथ होतं, पस मॉथचं धाकटं भावंड. गंमत अशी, की 1982 साली त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी कराची ते मुंबई उड्डाण पुन्हा केलं, ते लेपर्ड मॉथमधूनच. त्यामुळे टाटांच्या विमानाचा फोटो ‘1932 चा’ म्हणून कुणी दाखवला, तर आधी पंख बघावा.

लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं ते मे 1933 मध्ये, तेही इंग्लंडात. म्हणजे आजींचा फोटो 1932 चा असणं शक्य नव्हतं. चार दिवस मी गेलो नाही. पंचाहत्तरीच्या बाईंना, घरात जपलेली गोष्ट खरी नाही, हे सांगायचं कसं? शेवटी गेलो आणि पंख, दांडा, तारीख, सगळं जसंच्या तसं सांगितलं.

आजी बराच वेळ फोटोकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हा तेहतीसच्या मे महिन्यानंतरचा? नक्की?”

“नक्की,” मी म्हटलं.

“अरे, माझा जन्म तेहतीसच्या गुढीपाडव्याचा. मी अडीच वर्षांची असताना नाना गेले. त्यांचा हा एकच फोटो आहे आमच्याकडे, आणि आजवर मला वाटायचं, हा माझ्या जन्माआधीचा.” त्यांनी पदराने काच पुसली. “म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले असतील, तेव्हा मी होते.”